ओल्या फडक्यातली डिस्क

भिंगारदिवेकाका दुसऱ्याच्या घरी चहा पीत नसत. तुम्ही म्हणाल, असतात अशी माणसं, पित्ताचा त्रास असेल. पित्त वगैरे काही नाही. स्वतःच्या घरी ते बशीत ओतून असा फुर्रकन प्यायचे, की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पण दुसऱ्याच्या उंबऱ्यात कप पुढे आला, की तो दोन बोटांनी बाजूला सारायचा आणि म्हणायचं, "चहानं वळख हुती, वळखीनं भीड पडती, आन् भीड पडली की ट्रक तपासायचा ऱ्हातो."

कारण काकांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेलेली. शहरात शिरणारा ट्रक थांबवायचा, आत काय माल आहे ते बघायचं, नोंद करायची, पावती फाडायची आणि मगच आडवा बांबू वर करायचा. ट्रकवाले चहा पाजायला टपलेले आणि काका न प्यायला. रिटायर झाले, नाका सुटला, नियम काही सुटला नाही. लग्नाला जायचे तेव्हा पिशवीत स्वतःचा डबा असायचा. पंगतीत सगळ्यांच्या पानात जिलेबी आणि काकांच्या पुढ्यात भाकरी-पिठलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या शेजारी बसले होते म्हणून सगळे माझ्याकडेही तसंच बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्यांची शेजारीण. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नगरला सावेडीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी एसटीडी बूथ आणि डीटीपी सेंटर चालवायचे. लग्नपत्रिका, बायोडाटा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, काय वाट्टेल ते छापून द्यायचे. आमच्या भिंतीला लागून काकांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. बायको फार लवकर गेलेली, एकुलती एक मुलगी प्रज्ञा राहुरीला शाळेत शिकवायची, घरी हे एकटे. सकाळी "जय भीम, ताई" झालं की लगेच पुढचा प्रश्न, "काय माल आलाय आज?" म्हणजे छापायला काय आलंय.

त्यांची सगळी भाषाच नाक्यावरची. पाहुणे म्हणजे 'आवक'. पाहुणे गेले की 'जावक'. आणि कुणी बोलताना जरा आढेवेढे घेतले, की मान तिरकी करून म्हणायचे, "ताडपत्री उचला." म्हणजे आत काय दडवलंय ते दाखवा. भाजीवाल्याला म्हणायचे, डॉक्टरांना म्हणायचे. माझ्या नवऱ्याला एकदा म्हणाले, तेव्हा तो बिचारा खरंच कुठून तरी सिगारेट ओढून आला होता.

रिटायर झाल्यावर काकांनी समाजातल्या मुलामुलींची लग्नं जमवायला घेतली. सगळं फुकट. बौद्ध समाजात पत्रिका बघत नाहीत, मंगळ नाही, नाड नाही, त्यामुळे काकांच्या मते सगळा भार चौकशीवर. आणि चौकशी म्हणजे ट्रकाची तपासणी. मुलाकडचे यायचे त्यांच्या ओट्यावर. काका कुणाच्या घरी जायचे नाहीत, कारण घरी गेलं की चहा आला. एक मुलगा टोपी घालून आला होता, क्रिकेटवाले घालतात तसली. काका त्याच्याशी शिक्षण, पगार, आईवडील सगळं बोलले आणि शेवटी म्हणाले, "आता ताडपत्री उचला." मुलाने टोपी काढली. खाली टक्कल. काकांनी नोंद केली, "केस: तुरळक," आणि म्हणाले, लाजायचं काय त्यात, माल चांगला हाय. त्या मुलाचं लग्न जमलं हे विशेष.

लोक त्यांना मानायचे. पण खरं सांगायचं तर जरा घाबरूनच मानायचे. त्यांच्या ओट्यावर काम झालं की कुणी रेंगाळायचं नाही.

कागद वाढत गेले तेव्हा काकांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. पुण्याच्या पुतण्याने एक जुनी, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणून दिली. विटेएवढा करडा डबा, मागे जाड वायर. माझ्या कॉम्प्युटरला प्रिंटर जिथं लागतो तिथं ती लावायची. मी म्हटलं, काका, माझ्याच मशीनमध्ये ठेवूया ना माहिती, जागा आहे. तर म्हणाले, लोकांच्या लेकींची माहिती दुकानात उघडी ठेवायची नाही. रोज दुपारी ते डबा पिशवीतून घेऊन यायचे, मी टाइप करायचे, आणि संध्याकाळी डबा परत घरी. मी म्हटलं, निदान फ्लॉपीवर एक कॉपी तरी काढू. ते चक्क रागावले. एका मालाची एकच पावती असते, म्हणाले, दोन निघाल्या की समजायचं घोटाळा आहे.

आणि कागदांचं काय केलं असेल? रद्दीत घालायचे तर उद्या कुणाच्या पोरीच्या बायोडाट्यात भेळ बांधून मिळायची. म्हणून काकांनी सगळे फॉर्म बादलीत भिजवले, त्यात मेथ्या वाटून घातल्या, लगदा केला आणि जुन्या बायका करायच्या तशी त्याची टोपली केली. उन्हात वाळवून मला दाखवायला आणली. नगर जिल्ह्यातली सगळी लग्नाळू मुलंमुली त्या टोपलीत होती, आणि काका तिच्यात लसूण ठेवायचे.

एक गोष्ट सांगायची राहिली. डिस्कमध्ये पहिली नोंद केली ती प्रज्ञाची. काकांनी खुर्चीत ताठ बसून सांगितली. नाव, शिक्षण एमए बीएड, उंची, रंग निमगोरा. मग म्हणाले, "आजार. लहानपनी फिट यायच्या. लिव्हा." मी टाइप करायची थांबले. मला ते सगळं प्रकरण माहीत होतं. आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं?

प्रज्ञाला लहान असताना फिट यायच्या. डॉक्टरांचं औषध चाललं, शाळेत गेल्यावर सगळं थांबलं, परत कधी काही नाही. मोठी झाल्यावर तिला एक चांगलं स्थळ आलं. मुलगा तिच्या ओळखीचा, दोघांची पसंती. साखरपुड्याच्या दिवशी मांडवात सगळे जमले आणि काका उभे राहिले. म्हणाले, माल देताना लपवाछपवी मला जमत नाही, आणि फिटचं सगळ्यांदेखत सांगितलं. मुलाला ते आधीच माहीत होतं. तिनेच त्याला सांगितलं होतं. पण त्याच्या मामा-काकांना, चुलत-मावस गोतावळ्याला माहीत नव्हतं. जेवणं न करताच माणसं उठली. नंतर तो मुलगाही आला नाही. त्या संध्याकाळी प्रज्ञा आमच्या दारात उभी राहून वडिलांना एवढंच म्हणाली, "बाबा, मी ट्रकातला माल होते का?" पुढच्याच महिन्यात ती राहुरीला गेली. तेव्हापासून येणं नाही, पत्र नाही, काही नाही. काकांनी लग्नं जमवायला घेतली ती त्यानंतर.

तर मी म्हटलं, काका, हे नका लिहू, ती काय म्हणेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. लिव्हा, म्हणाले. मी लिहिलं.

मे महिना आला. नगरचा मे म्हणजे विचारू नका. माझा प्रिंटर दुरुस्त करायला सलीमभाई आले होते. त्यांचं कापड बाजाराजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि आता कॉम्प्युटरही बघायचे. माणूस बडबड्या आणि स्वतःवर खूश. काकांचा डबा हातात घेऊन त्यांनी ऐटीत सांगितलं, हिला गरम होऊ देऊ नका, गरमी हिची दुश्मन. काकांनी मान डोलावली. पत्र्याचं घर, भर दुपारी आत पाय ठेववत नाही. त्या घरात त्यांना थंड राहणारी एकच वस्तू माहीत होती, पाण्याचा माठ. मग त्यांनी तेच केलं. जुन्या धोतराचं फडकं ओलं केलं, डिस्कला गुंडाळलं, आणि सुकलं की वरून तांब्याने पाणी. दुपारी माझ्याकडे आणायच्या आधी पुसून घ्यायचे. पिशवी ओलसर लागायची. मी विचारलं तर म्हणाले, पत्र्याखाली बसलो हुतो, घाम हाय.

एका दुपारी मी डिस्क जोडली, बटण दाबलं, आणि आतून चर्र झालं. जळका वास आला. मग टकटक, टकटक, आणि गप्प. पडद्यावर काहीच नाही. काकांनी डब्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणाले, पुन्हा लावा. पुन्हा काही नाही.

आम्ही रिक्षाने सलीमभाईंच्या दुकानात गेलो. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली. सलीमभाईंनी स्क्रू काढले आणि डोळे बारीक केले. स्क्रूला हिरवट गंज. त्यांनी विचारलं, हिच्यात पाणी कसं गेलं? काका छताकडे बघत होते. मी त्या माणसाच्या शेजारी इतकी वर्षं राहिले, खोटं बोलताना कधी पकडलं नव्हतं. आणि ते बोलले, "घाम आला आसंल तिला."

सलीमभाईंनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. डिस्कला घाम येत नाही, काका, एवढं म्हणाले. आणि खरं सांगा, कारण पाणी असेल तर मला ती चालू करायची नाही, उरलंसुरलं पण जाईल. मला काकांची दया यायला हवी होती, पण मला आली चीड. इतकी वर्षं जगाच्या ताडपत्र्या उचलल्या या माणसाने.

"काका," मी म्हटलं, "ताडपत्री उचला."

मग त्यांनी सांगितलं. फडकं, तांब्या, माठ, सगळं. खाली मान घालून, एकेक करून. सलीमभाई "पाणी पिऊन येतो" म्हणून आत गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. गिऱ्हाइकांपैकी एकाने तर तोंडावर रुमालच धरला. काका तसेच उभे. कानाच्या पाळ्या लालभडक. ते बघून मी हसू आवरलं.

सलीमभाईंचा निकाल असा: माहिती ज्यात असते तो भाग बंद डबीत आहे, तिच्यात पाणी गेलं नसावं. खालची सर्किटची हिरवी पट्टी जळली आहे. अगदी हीच डिस्क, हीच पट्टी कुठे मिळाली तर बदलून बघता येईल. मुंबईला सांगून ठेवतो. मिळेल, नाही मिळेल, अल्ला जाने. काकांनी विचारलं, तोवर काय करायचं? सलीमभाई म्हणाले, कागद असतील ना तुमच्याकडे. काकांच्या घरी टोपली होती.

त्यानंतर काका दिसेनासे झाले. "काय माल आलाय" बंद. ओट्यावर कुणी स्थळाची चौकशी करायला आलं, की मागच्या दाराने बाहेर पडायचे, आणि ती माणसं मलाच विचारायची. मी म्हणायचे, गावाला गेलेत. भिंतीपलीकडे काका बसलेत हे मला ठाऊक असायचं. चहाचा आवाजसुद्धा येईना. पावसाळ्यानंतर विहारात वधूवर मेळावा ठरलेला, त्यात पुस्तिका वाटायची होती. ती पुस्तिका आता कशाची काढायची?

एका सकाळी दाराशी येऊन म्हणाले, "ताई, मी घरोघर जानार हाय. नोंदी गेल्या म्हनून सांगायचं, आन् परत घ्यायच्या." बघवत नव्हतं त्यांच्याकडे. पत्ते सगळे तोंडपाठ होते, नाक्यावरच्या माणसाला रस्ता विसरता येत नाही. पण हे फाटकातूनच परत फिरतील याची मला खात्री होती, म्हणून पहिल्या घरी मी बरोबर गेले. माझ्या लुनावर मागे काका, मांडीवर पिशवी. ब्रेक लावला की कानाशी म्हणायचे, हळू, वजन जास्त हाय.

पहिलं घर भिंगारला. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं, मुलीची आजी. काका पायरीवरच उभे राहून बोलायला लागले, पण शब्द फुटेना. शेवटी मीच सांगितलं की कॉम्प्युटरची डिस्क बिघडली आणि सगळ्यांची माहिती गेली. मला वाटलं आता बाई बोलणार. तर त्यांनी काकांच्या दंडाला धरलं आणि आत ओढलं. म्हणाल्या, बरं झालं बिघडली, त्या निमित्ताने उंबरा तरी शिवलात. आणि चहा टाकला. कप पुढे आला तेव्हा मी काकांच्या दोन बोटांकडे बघत होते. बोटं उठली, आणि परत मांडीवर गेली. चूक कबूल करायला आलेल्या माणसाला नको म्हणायचं तोंड नसतं. काकांनी चहा प्यायला. बशीत ओतून.

आणि मग आजीबाईंकडून कळलं की ज्या मुलीची नोंद आमच्याकडे "बारावी, वय वीस" अशी होती, ती केव्हाच नर्स झाली होती आणि नगरच्याच दवाखान्यात नोकरीला होती. मुलीचे वडील वारले होते. काकांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं, हे कधी येतच नव्हते. आमच्या डिस्कमध्ये कुणाचं वय वाढत नव्हतं आणि कुणी मरतही नव्हतं.

पुढे ते एकटेच जायला लागले. एसटीने, सायकलने, कुणाच्या ट्रॅक्टरवर. सगळीकडे चहा नव्हता. पारनेरला एकाने भर चौकात धारेवर धरलं. आमच्या पोरीची माहिती कुठे गेली, कुणाच्या हातात पडली, असं चारचौघांत विचारलं. काका हात जोडून उभे राहिले. विजेने जळली, चोरीला गेली, काहीही सांगता आलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की माझ्याच हलगर्जीपणाने बिघडली. फडक्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. ते त्यांच्याच्याने होईना. पारनेरहून आले त्या दिवशी ओट्यावर बसून मला म्हणाले, "ताई, सगळ्यांदेखत बोलनं खानं म्हंजे काय, ते आज कळलं." ते कुणाच्या विचारात होते ते दिसत होतं.

हळूहळू पिशवी कागदांनी भरली. काका बदलले असं म्हणणार नाही, अजूनही लोकांच्या टोप्या काढायला लावायचेच. पण संध्याकाळी भिंतीपलीकडून सांगायचे, अमक्याच्या घरी शेंगदाण्याची चटणी काय झाली होती, तमक्याची सून लई गुणाची. एक राहुरी तेवढी राहिली होती. म्हणजे राहुरीतली बाकीची घरं झाली होती. दोनदा जाऊन आले. प्रज्ञाकडे गेला होता का, असं मी विचारलं, तर एकदा म्हणाले ऊन लागलं, एकदा म्हणाले एसटी चुकली. नंतर मी विचारायचं सोडून दिलं.

आणि मग सलीमभाईंचा फोन आला. आवाज आनंदाने फाटलेला. मुंबईहून तीच पट्टी मिळाली, बदलली, डिस्क फिरायला लागली, सगळ्या फाइली जशाच्या तशा. त्यांनी पहिली फाइल उघडून फोनवर वाचूनसुद्धा दाखवली. प्रज्ञा भिंगारदिवे, एमए बीएड. मी चप्पल न घालता भिंतीला वळसा घालून काकांकडे पळाले.

काका भाजी निवडत होते. मी सांगितलं, सगळं परत आलं, एकही नोंद गेली नाही. त्यांचा चेहरा उजळायला हवा होता. तो उतरला. मेथीची जुडी त्यांनी खाली ठेवली आणि विचारलं, सगळंच? मी म्हटलं, सगळंच.

"ताई, ती बिघडलेलीच हाय आसं धरा."

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, अहो काका, आता कुणाच्या घरी जायची गरज नाही. तर म्हणाले, "तेच तर. प्रज्ञाच्या दारात काय म्हनून जाऊ मी? बाप म्हनून जायाला तोंड न्हाई माझं. नोंद गेली, परत घ्यायची हाय, येवढंच कारन हाय माझ्याकडं. त्येबी आता तुमी काढून घेताय." आणि मग खालच्या आवाजात, "तुमी येता का बरूबर? डिस्क गेली आसं तुमी सांगितलं तर तिला पटंल. माझ्या एकट्याला बघून दार लावील ती."

जन्मभर दुसऱ्याचं खोटं पकडलेला माणूस मला खोटं बोलायला नेत होता. मी सलीमभाईंना फोन करून सांगितलं, डिस्क दोन दिवस तुमच्याकडेच असू द्या, आणि कुणी विचारलं तर अजून बिघडलेली आहे. ते म्हणाले, भाभी, माझी इज्जत जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या.

रविवारी आम्ही एसटीने राहुरीला गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत तीनदा पिशवीतला कोरा फॉर्म काढून बघितला. प्रज्ञाची भाड्याची खोली एका बोळात, वरच्या मजल्यावर. जिना चढताना काका मधेच थांबले. मला वाटलं दम लागला. दम लागला नव्हता.

तिने दार उघडलं. कानाजवळ एकदोन केस पांढरे. माझ्याकडे बघून ती हसणार होती, तेवढ्यात मागे काका दिसले. ती दारातच उभी राहिली. काकांनी नाक्यावरचा आवाज काढला आणि म्हणाले, नोंद गेली, परत घ्यायची हाय. मी घाईघाईने ठरल्याप्रमाणे सांगितलं, की डिस्क गेली, सगळ्यांचंच परत लिहून घेतोय.

"माझी नोंद केली होती तुम्ही?" ती वडिलांना म्हणाली. "मला न विचारता?"

काका म्हणाले, व्हय. तिने विचारलं, फिटचंही लिहिलं होतं? काका म्हणाले, व्हय. ती दार लावणार असं मला वाटलं. तिचा हात दारावरच होता. मग तिने विचारलं, डिस्क गेली कशी. मी तोंड उघडलं, बिघडली म्हणणार होते, भिंगारला म्हटलेलंच वाक्य. पण काका माझ्या आधी बोलले.

"मी भिजवली. गरम व्हती म्हनून ओलं फडकं गुंडाळलं. माठाला गुंडाळत्यात तसं. रोज पानी घालत व्हतो वरनं."

प्रज्ञाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली. ती आधी ओठ दाबून उभी राहिली, मग जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खालीच बसली. काका हात बांधून उभे, कान लाल. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि आत या म्हणाली.

खोलीत एकच खुर्ची होती, ती मला दिली. काका सतरंजीवर बसले आणि फॉर्म काढला. ती म्हणाली, मी लग्न करेनच असं नाही, पण घ्या लिहून, आलाच आहात तर. काका विचारत गेले, ती सांगत गेली. शिक्षण, नोकरी, उंची. आवाज दोघांचेही कचेरीतल्यासारखे. मग काका एक रकाना सोडून पुढे गेले. तिने ते पाहिलं. म्हणाली, आजाराचं नाही विचारलंत.

काका कागदाकडे बघत म्हणाले, "त्ये तुझं तू सांगायचं, ज्याला सांगावंसं वाटंल त्याला. मी सांगायला नको हुतं, पोरी. चुकलो मी."

खाली बोळातून कुणाचा तरी टेम्पो हॉर्न वाजवत गेला. काका फॉर्मच्या शेवटाशी आले. मुलीच्या फॉर्मवर शेवटी असतं, संपर्क कुणाशी करायचा. ते त्यांना विचारवेना. पेन त्या ओळीवर ठेवून बसले, मग म्हणाले, शाळेचा पत्ता लिव्हतो हितं.

"शाळेचा कशाला?" प्रज्ञा म्हणाली. "बाबांशी करायचा. सावेडीला."

काकांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. माझं अक्षर आज नीट येत न्हाई, तुमी लिव्हा, म्हणाले. मी पेन घेतलं, "संपर्क: वडील" असं लिहिलं आणि पत्त्यासाठी त्यांच्याकडे बघितलं. स्वतःच्या घराचा पत्ता सांगायला त्यांना जरा वेळ लागला.